बत्तीस विहिरींचा तक्ता

नर्मदा कुबल ट्रेसर होती. हे पद आता कुणाला माहीतही नसेल, पण ऐंशीच्या दशकात इंजिनियरांच्या कुठल्याही सरकारी कचेरीत एक ट्रेसर असायचाच. इंजिनियरने पेन्सिलीने काढलेला नकाशा पारदर्शक कागदाखाली ठेवायचा आणि वरून काळ्या शाईने गिरवायचा. रेघा, बाण, आकडे, अक्षरं. ट्रेसरने स्वतःचं काही घालायचं नाही, स्वतःचं काही काढायचं नाही. मालवणात भरडावर एका सोडावॉटरच्या दुकानाच्या माडीवर खाडीचं पाणी अडवणाऱ्या खारबांधांचं काम बघणारी एक लहानशी कचेरी होती, आणि तिथे खिडकीजवळच्या उतरत्या टेबलावर नर्मदा सतरा वर्षं हेच करत आली होती.

वय एकेचाळीस. उंच, मान किंचित पुढे झुकलेली, मधल्या बोटावर शाईचा कायमचा डाग. वडील शाळेत चित्रकलेचे मास्तर होते. त्यांनीच तिला एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसवलं. ते गेल्यावर धुरीवाड्यातल्या घरात ती आणि आई, दोघीच. आईला सगळे माई म्हणत. नर्मदेच्या लग्नाचं कुणी विचारलंच तर माई त्या माणसाला चहासुद्धा न विचारता वाटेला लावी.

ट्रेसिंगवरची शाई पुसता येत नाही, खरवडावी लागते. दाढीच्या ब्लेडचा अर्धा तुकडा आडवा धरून कागद फाटणार नाही इतक्या हलक्या हाताने. नर्मदेचा हात त्यात इतका तयार होता की खरवडलेली जागा उजेडात धरल्याशिवाय दिसत नसे. कचेरीत त्याचं कौतुक व्हायचं. तिला मात्र त्या कामाचा मनापासून तिटकारा होता.

कारणही तसंच होतं. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी एका साहेबाने गटाराच्या नकाशातला उताराचा आकडा तिच्याकडून तोंडी बदलून घेतला. गटार बांधून झालं, पाणी उलटं लोकांच्या घरात शिरलं, आणि साहेबाने हात वर केले. “मी सांगितलं नव्हतं. ट्रेसरने परस्पर केलं.” नर्मदेला लेखी ताकीद मिळाली, एक वेतनवाढ गेली. तेव्हापासून तिने एक सवय लावून घेतली. कुणी काही बदलायला सांगितलं, की खरवडण्याआधी त्या ट्रेसिंगचा एक अमोनिया प्रिंट काढायचा. रसायन लावलेला मसाल्याचा कागद ट्रेसिंगखाली घालून काचेच्या चौकटीत उन्हात धरायचा, मग अमोनियाची बशी ठेवलेल्या लाकडी पेटीत टांगायचा. जांभळ्या रेघांचा नकाशा हळूहळू वर यायचा. त्याच्या कोपऱ्यात ती बारीक पेन्सिलीने तारीख घाली, काय बदललं ते लिही, आणि कोणी सांगितलं तेही. अमोनियाने डोळे चुरचुरायचे, घसा जळायचा. शिपाई दत्ताराम नाकाला पंचा लावून म्हणायचा, “बाय, ह्यो कसलो वास गो? कोण सडला काय?” ती हसायची आणि प्रिंट गुंडाळून पत्र्याच्या लांब नळीत घालायची.

पंच्याऐंशी सालच्या जुलैतल्या उधाणात तोंडवलीच्या अलीकडे खाडीकाठच्या एका वाडीचा बांध फुटला. भर अमावस्येची भरती, त्यात वारा. खाडीचं पाणी भातशेतीत शिरलं, शेतातून परसात, परसातून विहिरींत. पाऊस सरला तरी विहिरी गोड झाल्या नाहीत.

त्या वाडीत नर्मदेची मावशी राहायची, हौसाबाई. नवरा गेलेला, मुलगा मुंबईला गोदीत. नोव्हेंबरातल्या एका रविवारी नर्मदा तिला भेटायला गेली. हौसाबाईने पडवीत बसवलं आणि पितळेचा गडू पुढे केला.

“पी,” ती म्हणाली.

नर्मदेने घोट घेतला आणि तो तोंडातच राहिला. गिळवेना, थुंकावंसं वाटेना. मीठ तर होतंच, पण त्याखाली चिखलाचा, कुजक्या गवताचा एक वास होता, तो थेट टाळूला चिकटला.

“गिळ गो. आमी रोज पितंव,” हौसाबाई शांतपणे म्हणाली. “सकाळी एक कळशी वरच्या वाडीसून आणतंय, ती भात शिजवूक. बाकी सगळा ह्याच. तोंड धुवचा ह्याच, चाय पिवची ह्याच. आता तुज्या हापिसातलो तो सायबान पाठवल्यालो पोरगो येवन बावी मोजून गेलो. आमच्या बावीक चवदा नंबर दिलो.”

नर्मदेने तो घोट गिळला. 

विहिरी मोजणारा तो माणूस म्हणजे कनिष्ठ अभियंता सत्यवान गावकर. तिशीतला, कामाला चोख, स्वभावाने भित्रा. चार दिवस चिखल तुडवून त्याने प्रत्येक विहिरीचं पाणी बाटलीत भरून आणलं होतं. मुंबईहून एक समिती फेब्रुवारीत जिल्ह्याच्या पाहणीला यायची होती आणि तिच्यापुढे या बांधाची माहिती मांडायची होती. नवा जिल्हा होऊन पाचच वर्षं झाली होती. कुणी वरून येणार म्हटलं की कचेऱ्यांची धावपळ उडायची. उपअभियंता रेडकर साहेब त्याला ‘प्रेझेंटेशन’ म्हणायचे. बारा मोठे तक्ते, लाकडी स्टँडवर लावायचे आणि एकेक उलटत माहिती सांगायची. नर्मदेने ट्रेसिंग करायचं, त्याचे प्रिंट काढून पुठ्ठ्यावर चिकटवायचे, रंग भरायचे.

गावकरने लिहून आणलेला मजकूर नर्मदेला आवडला. सरळ होता. ‘उधाणाच्या भरतीत बांध साठ फूट फुटला. दोनशे दहा एकर भातशेती खाऱ्या पाण्याखाली गेली. बत्तीस विहिरींचे पाणी खारट, पिण्यास अयोग्य. बांधातून पाणी सोडणाऱ्या उघाडीची लाकडी दारे कुजली होती. ती बदलण्याबाबत ग्रामस्थांनी दोन वर्षे अर्ज केले, कार्यवाही झाली नाही.’ सातव्या तक्त्यावर हाच मजकूर होता, खाली वाडीचा नकाशा आणि त्यात बत्तीस निळे गोल, प्रत्येकात नंबर. चौदा नंबरचा गोल तिने जरा जास्तच मन लावून काढला.

रेडकर साहेबांनी तक्ते पाहिले आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. सदानंद रेडकर वेंगुर्ल्याकडचे. कचेरीत शुद्ध मराठी बोलायचे, काम काढून घ्यायचं असलं की मालवणीवर यायचे. उघाडीच्या देखभालीची फाइल त्यांच्याच टेबलावर दोन वर्षं पडून होती, हे कचेरीत सगळ्यांना ठाऊक होतं.

“गावकर, ही भाषा कसली?” ते म्हणाले. “आपण वर्तमानपत्र काढतोय का? ‘फुटला’ काय? ‘खिंडार पडले’ म्हणा. ‘खारट’ नको, ‘मचूळ’ म्हणा. आणि हे अर्जाबिर्जाचं वाक्य काढा.”

“होय सर,” गावकर म्हणाला.

नर्मदेने प्रिंट काढला, कोपऱ्यात लिहिलं: प्रत पहिली, २१ नोव्हेंबर, बदल रेडकर साहेब यांच्या सांगण्यावरून. मग ब्लेड घेतलं.

इथवर तिला फारसं काही वाटलं नाही. साहेब लोक शब्द बदलतातच. पण डिसेंबरात साहेबांनी पुन्हा बोलावलं. आता त्यांना बत्तीस विहिरी जास्त वाटत होत्या. ज्या विहिरी शेताला लागून आहेत त्या ‘शेतीच्या’ धराव्यात, पिण्याच्या नव्हेत. राहिल्या एकोणीस. ‘मचूळ’चं ‘किंचित मचूळ’ झालं. साहेबांनी लाल पेन्सिलीने नकाशावरच्या तेरा गोलांवर फुल्या मारल्या. आठवी फुली चौदा नंबरवर पडली.

“सर, ही विहीर पिण्याची आहे,” नर्मदा म्हणाली.

“तुम्हाला कसं माहीत?”

“माझ्या मावशीची आहे. मी त्यातलं पाणी प्यायलेय.”

साहेब हसले. “मग काय, तब्येत तर चांगली दिसते. बाई, तुज्या मावशेची बाव खंय पळान जातली? कागदावरसून काडलास म्हणान ती बुजना नाय. कर गो लवकर.”

गावकर बाजूला उभा होता. त्याने खाली पाहिलं. नर्मदेला वाटलं, हा आता तरी तोंड उघडेल. बाटल्या भरून आणल्या होत्या त्याने. तो पेन्सिलीचं टोक काढत राहिला.

ती टेबलाशी आली, प्रिंट काढला, आणि ब्लेड हातात घेतलं. नाही म्हणता आलं असतं. माई सत्तरीची, घरात दुसरी मिळकत नाही, ही सगळी कारणं तिने मनात मांडून पाहिली आणि ती खरी होती. तरीही चौदा नंबरचा गोल खरवडताना तिला स्वतःच्या हाताची शिसारी आली. नेहमीसारखाच हलका, सफाईदार हात. शाईचा बारीक भुगा उडाला, तिने तो फुंकरीने झटकला. जागा इतकी स्वच्छ निघाली की दत्ताराम मागून म्हणाला, “वा बाय, काय हात आसा!”

तिने घरी जाऊन कोपरापर्यंत हात साबणाने धुतले आणि न जेवताच उठली. 

जानेवारीत संक्रांतीला हौसाबाई मालवणात आली. तिळगूळ देता देता म्हणाली, “काय गो, आमची बाव लिवलंस मां कागदावर?”

“लिवलंय,” नर्मदा म्हणाली. खोटं बोलली. आणि मावशी तिच्या तोंडावरून हात फिरवून “बरा केलंस” म्हणाली, तेव्हा तिला तिथून उठून जावंसं वाटलं.

त्यानंतर दोनदा तेच झालं. चौथ्या प्रतीत विहिरी अकरा राहिल्या आणि पाणी मचूळसुद्धा नव्हतं; ‘चवीत फरक’ एवढंच. पाचव्या प्रतीत चार. बांधाला खिंडारही राहिलं नव्हतं. ‘बांधाची अंशतः झीज झाली आहे’ असं वाक्य साहेबांनी स्वतः सुचवलं आणि दोनदा मोठ्याने म्हणून पाहिलं, जणू पदार्थाची चव घेत होते. उघाडीचा उल्लेख पूर्ण गेला. त्या तक्त्यावर मोकळी जागा राहिली, ती वाईट दिसू लागली.

“तिथे माड काढा एखादा,” साहेब म्हणाले. “कोकण आहे, शोभेल.”

नर्मदेने माड काढला. झावळ्या, नारळ, बुंध्याच्या वळ्या, सगळं. आपण काय करतोय ते तिला कळत होतं, आणि कळत असूनही हात चालतोय याचाच तिला अधिक वीट आला. प्रिंटच्या कोपऱ्यात तिने लिहिलं: प्रत पाचवी, २८ जानेवारी. उघाडीच्या जागी माड. रेडकर साहेब यांच्या सांगण्यावरून. याच प्रतीवरून टिपण तयार झालं आणि समितीच्या अध्यक्षांकडे टपालाने मुंबईला गेलं.

समिती शनिवारी यायची होती. गुरुवारी सकाळी वरिष्ठ कचेरीतून फोन आला. साहेब फोनवर उभे राहून बोलत होते, “होय सर, होय सर,” आणि मग त्यांचा चेहरा पडला. फोन ठेवून ते नर्मदेच्या टेबलाशी आले. असे ते कधी येत नसत.

“घोटाळो झालो गो,” ते म्हणाले. मालवणीत. “वरसून सांगतत, पंचवीस बावींच्या वर नुकसान असात तरच तातडीच्या दुरुस्तीत धरतले. चार बावींसाठी कोण बांध बांधीत? काम आमच्याकडसून जाता. ता पयला होता मां, बत्तिसांचा? ता काड परत.”

“ते खरवडलंय सर. तुम्हीच सांगितलंत.”

“अगो पण तुज्याकडे काय ना काय असतला. गावकर, तुझा कच्चा काम खंय?”

गावकरने मान खाली घातली. पाचवी प्रत मंजूर झाल्यावर त्याने आपली मोजणीची वही साहेबांच्याच सांगण्यावरून बंबात घातली होती. पाण्याच्या बाटल्या ओतून टाकल्या होत्या. चार दिवस चिखलात फिरून गोळा केलेलं सगळं एका सकाळी आंघोळीच्या पाण्याखाली जळून गेलं होतं.

नर्मदा उठली, कपाटावरची पत्र्याची नळी काढली आणि पाच गुंडाळ्या टेबलावर ओळीने पसरल्या. कडांवर शाईच्या दौती ठेवल्या. साहेब वाकून पाहू लागले. सातवा तक्ता पाच वेळा, शेजारी शेजारी. बत्तीस, पुन्हा बत्तीस, एकोणीस, अकरा, चार. एका वाडीवरून कुणी विहिरी एकेक करून वेचून नेल्यासारख्या. कोपऱ्यांत तारखा, आणि प्रत्येक कोपऱ्यात साहेबांचं नाव.

त्यांनी ते नाव वाचलं. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पण गरज त्यांना होती, म्हणून ते एवढंच म्हणाले, “हुशार आसस.” आणि पहिल्या प्रतीवर बोट ठेवलं. “हां. असाच्या असा परत कर. आणि आता वर जायचा आसा तर नीट वर जावया. बत्तिसांचे सत्तेचाळीस कर.”

नर्मदेला वाटलं, आपण चुकून ऐकलं.

“त्या वाडीत सत्तेचाळीस विहिरी नाहीतच सर. घरंच चाळीस आहेत.”

“कोण मोजूक जाता?”

तिच्या तोंडाला मावशीच्या गडवातल्या पाण्याची चव आली. हा माणूस खोटं बोलतो याची तिला आता किळस नव्हती. खरं आणि खोटं यांत त्याला फरकच वाटत नव्हता, बत्तीस काय, चार काय, सत्तेचाळीस काय, त्याला सगळं ब्लेडचं आणि शाईचं काम होतं, याची होती.

“पहिल्या प्रतीत होतं ते सगळं परत येईल,” ती म्हणाली. “उघाडीचं वाक्यसुद्धा. अर्जांचंसुद्धा. त्याच्यावर एक विहीर वाढणार नाही आणि एक कमी होणार नाही. नको असेल तर दुसरा ट्रेसर बघा, परवापर्यंत.”

दुसरा ट्रेसर अख्ख्या तालुक्यात नव्हता. साहेब आता शुद्ध मराठीत म्हणाले, “उघाडीचं वाक्य आलं तर परिणाम वाईट होतील, कुबलबाई.”

“मग काम तुमच्याकडून जाऊ दे.”

शेवटी सौदा झाला तो असा: विहिरी बत्तीस, पाणी खारट, बांध साठ फूट फुटला, उघाडी कुजलेली. अर्जांचं वाक्य गाळायचं. नर्मदेने मान डोलावली, आणि मान डोलावल्याबद्दल नंतर पुष्कळ दिवस स्वतःला टोचत राहिली. दोन दिवस ती टेबलावरून उठली नाही. पहिल्या प्रतीचा प्रिंट खाली घेऊन तिने सातवा तक्ता नव्याने गिरवला आणि बाकीचे त्याच्याशी जुळवले. माड नव्या कागदावर आलाच नाही. चौदा नंबरच्या गोलाची रेघ तेवढी थोडी जाड आली.

शनिवारी विश्रामगृहाच्या दिवाणखान्यात तक्ते मांडले. डिंक पुरता वाळला नव्हता, कडा उचकटू नयेत म्हणून तक्ते उलटायला नर्मदेलाच नेलं होतं. नळी तिने खांद्याला अडकवून बरोबर आणली होती; ती कचेरीत ठेवून यायचा तिला धीर झाला नव्हता. समितीची माणसं सकाळी तारकर्लीला जाऊन आली होती, पायांना अजून वाळू होती. मागच्या बाजूला सुरमई तळली जात होती आणि तो वास खोलीभर पसरला होता. दोन सदस्यांचं लक्ष पूर्णपणे तिकडेच होतं.

रेडकर साहेबांनी छान सुरुवात केली. आवाज भरदार, हातात छडी. सातवा तक्ता आला आणि अध्यक्षांनी मांडीवरचा कागद उचलला.

“एक मिनिट. मला पाठवलेल्या टिपणात चार विहिरी आहेत. चवीत फरक, असं लिहिलंय. इथे बत्तीस, खारट. काय समजायचं?”

साहेबांची छडी हवेत थांबली, पण क्षणभरच. “क्षमा असावी सर. ती लिहिणाऱ्यांची चूक. आमच्या ट्रेसरबाई, या. वयपरत्वे नजर जरा... मी बोललोच आहे त्यांना.”

सगळ्यांनी नर्मदेकडे पाहिलं. पंधरा वर्षांपूर्वीच्या त्या गटाराचा वास तिच्या नाकात शिरला. तेच वाक्य, तोच सूर, फक्त साहेब दुसरा. तिने गावकरकडे पाहिलं. तो तक्त्यांच्या स्टँडचा स्क्रू आवळत होता, जो आवळायची काही गरज नव्हती.

“चूक नाही,” ती म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. “चार हा आकडा माझ्या हातचा आहे. सांगितला साहेबांनी. त्याच्याआधी अकरा सांगितला, त्याआधी एकोणीस. कागद आहेत.”

तिने नळीचं झाकण काढलं. पाचही प्रती अध्यक्षांसमोरच्या लांब टेबलावर पसरल्या, फुलदाणी बाजूला सारून. माणसं उठून जवळ आली. कुणीतरी ‘खारट, मचूळ, किंचित मचूळ, चवीत फरक’ असं ओळीने मोठ्याने वाचलं, आणि दुसरा कुणी हसला. मग तिघेचौघे हसले. “काय प्रगती आहे! आणखी एक प्रत काढली असती तर पाणी साखरेचं झालं असतं.” पुन्हा हशा.

नर्मदेला त्या हसण्याची जेवढी किळस आली तेवढी साहेबांचीही आली नव्हती. वरच्या वाडीपासून कळशी आणणारी बाई त्यांच्या डोळ्यांसमोर यायला काही कारण नव्हतं, हे तिला कळत होतं. तरीही.

अध्यक्ष हसले नाहीत. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. “मग खरा आकडा कोणता? मोजल्या कोणी?”

“गावकरांनी,” नर्मदा म्हणाली.

गावकरने रेडकर साहेबांकडे पाहिलं, मग अध्यक्षांकडे, मग जमिनीकडे. “बत्तीस... असाव्यात, सर.”

“असाव्यात?”

“बत्तीस आहेत,” नर्मदाच म्हणाली. “चौदा नंबरचं पाणी मी स्वतः प्यायलेय. आणि उघाडीसाठी लोकांनी दोन वर्षं अर्ज केले होते. ते वाक्य या तक्त्यावर नाही, पहिल्या प्रतीवर आहे. तेही वाचा.”

अध्यक्षांनी वाचलं. कागद गुंडाळून तिच्या हातात दिला. “ठीक आहे. बत्तीस धरू. बांधाचं काम तातडीत घ्या. रेडकर, पुढचा तक्ता.”

एवढंच. कुणी कुणाला जाब विचारला नाही. पुढचे पाच तक्ते साहेबांनी त्याच भरदार आवाजात सांगितले, आणि नर्मदेने ते उलटले. मग सगळे जेवायला गेले. व्हरांड्यातून जाताना तिने पाहिलं, रेडकर साहेब अध्यक्षांच्या ताटात स्वतःच्या हाताने सुरमईचा तुकडा वाढत होते. तिला जेवायला कुणीतरी बोलावलं. ती तशीच चालत एस.टी. स्टँडवर गेली.

सोमवारी तिच्या टेबलावर मेमो होता. अनधिकृत प्रती बाळगल्याबद्दल खुलासा करावा आणि सर्व प्रती तीन आठवड्यांत जमा कराव्यात. तिने तीन रविवार घरी बसून पाचही प्रती नव्याने ट्रेस केल्या, कोपऱ्यांतल्या पेन्सिलीसकट. मग मूळ प्रिंट आवक-जावक बघणाऱ्या सीतेकडे रीतसर दिले, प्रत्येकाला आवक क्रमांक घालून घेतला आणि पोच घेतली. सीता म्हणाली, “आता हे जाळूक हवे तरी जाळता येवचे नाय.” एप्रिलात नर्मदेची बदली झाली, शिरोड्याच्या एका खोलीच्या कचेरीत. माईला घेऊन ती तिकडे गेली.

बांध सत्त्याऐंशीच्या पावसाआधी बांधून झाला. उघाडीला नवी दारं लागली. हौसाबाईची विहीर लगेच गोड झाली नाही. तीन पावसाळे जावे लागले, तेव्हा कुठे त्या पाण्याचा चहा पिण्यासारखा झाला. रेडकर साहेबांना बढती मिळून ते जिल्हा सोडून गेले. मालवणच्या कचेरीत समितीबरोबरचा त्यांचा फोटो लावला गेला, बांधाच्या कामाची आठवण म्हणून.

मावशीला नर्मदेने सगळं सांगितलं, पण पुष्कळ उशिरा. संक्रांतीला आपण खोटं बोललो तेही सांगितलं. हौसाबाईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “तेवा सांगलं असतंस तर मिया तुज्या सायबाक एक कळशी न्हेवन दिलंय असतंय.” तिने नर्मदेला माफ केलं की नाही, हे त्यातून कळलं नाही, आणि नर्मदेनेही विचारलं नाही.

एकोणनव्वदच्या मार्चात एक दिवस सत्यवान गावकर शिरोड्याला आला. अंगाने सुटला होता, केस मागे गेले होते. मिठागरांच्या बाजूने चालत आल्यामुळे घामाघूम झाला होता. नर्मदेने पाणी दिलं. इकडचंतिकडचं बोलून झाल्यावर त्याने मुद्दा काढला. त्याच्या बढतीची मुलाखत होती. त्या बांधाचं मूळ सर्वेक्षण आपण केलं होतं, हे दाखवायला हाताशी काहीच नव्हतं.

“पहिली प्रत माझीच होती, बाई. तुम्हाला माहीतच आहे. तिचा एक प्रिंट मिळाला तर...”

“मिळेल,” नर्मदा म्हणाली. तिने ट्रंकेतून गुंडाळी काढली, टेबलावर सोडली. पाचही ट्रेसिंग एकावर एक उलगडली. “पण एकटी पहिली मिळायची नाही. न्यायच्या तर पाचही न्यायच्या.”

“बाकीच्यांचा माझा काय संबंध?”

“खालच्या कोपऱ्यात सही बघा.”

प्रत्येक प्रतीवर ‘तयार करणार’ या शब्दांपुढे स. गावकर ही त्याची सही मूळ प्रिंटवरून जशीच्या तशी गिरवलेली होती. पाचही. त्याने बोट ठेवून एकेक सही तपासली. बाहेर मीठ भरलेला ट्रक गेला, खिडकीच्या काचा हादरल्या.

“साहेब सांगायचे तर मी काय करणार होतो?” तो शेवटी म्हणाला. “तुम्हीही खरवडलंतच ना?”

“खरवडलं,” ती म्हणाली. “म्हणूनच पाच म्हणतेय. एक दिली तर तुम्हीही सुटाल आणि मीही. तशी सुटका मला नको.”

त्याने रुमालाने मान पुसली, घड्याळ पाहिलं. वेंगुर्ल्याची गाडी साडेतीनला आहे म्हणाला. पायऱ्या उतरताना एकदा थांबला, मागे वळेल असं तिला वाटलं, पण तो गेला. नर्मदेने ट्रेसिंगच्या कडा जुळवल्या, ती पुन्हा गुंडाळली, आणि दुपारच्या चहाचं आधण ठेवायला उठली.